उजवे, डावे आणि फिजिओबाई

बाईंच्या लेखी डोंबिवलीत माणसं राहतच नव्हती. उजवे राहत होते, डावे राहत होते आणि थोडे कमरेखालचे. आमच्या जिन्यात उभ्या राहून त्या फोनवर मोठ्याने सांगायच्या, "कोपर स्टेशनला माझे दोन उजवे आहेत आणि हा एक डावा. हा आटपला की माजिवड्याला कमरेखालच्याकडे." आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना पहिले आठ दिवस त्या निवडणुकीच्या कामाला येतात असंच वाटत होतं.

त्या फिजिओथेरपिस्ट होत्या आणि 'हा एक डावा' म्हणजे माझे सासरे, अप्पा.

अप्पांना झटका आला तो सकाळी दाढी करताना. अर्धी दाढी झाली, अर्धी राहिली आणि ते हळूच बेसिनच्या कडेने खाली बसले. सोळा दिवस हॉस्पिटलात काढून घरी आणलं तेव्हा डावा हात आणि डावा पाय गेलेला होता. फिजिओथेरपी घरीच करा, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि कुणीतरी बाईंचा नंबर दिला. फोन सासूबाईंनी, म्हणजे आईंनी केला. मी स्पीकरवर ऐकत होते.

"आमच्याकडे पॅरालिसिसचा पेशंट आहे."

"कुठला?"

"म्हणजे? माझे मिस्टर."

"मिस्टर कुठले नाही विचारलं हो. पॅरालिसिस कुठला? गॅरेजला फोन करून नुसतं 'गाडी बिघडली' सांगता का तुम्ही? टायर गेलाय का इंजिन गेलंय, काहीतरी सांगाल ना?"

आईंना हे बोलणं आवडलं नाही. त्यांनी आवाज जरा ताठ केला आणि विचारलं, "आपलं आडनाव काय म्हणालात?"

"मी म्हटलंच नाही. आडनावाचं नंतर बघू. उजवा का डावा?"

"डावा," आई म्हणाल्या.

"बरं. मग बोलत असतील खूप. उद्या येते."

अप्पा खरंच खूप बोलत होते. ह्या बाईला फोनवरून कसं कळलं, याचं आम्हाला नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी खाली एक विचित्र आवाज करणारी स्कूटर थांबली. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी एकेक जादा चाक लावलेली. ठाण्यातल्या खोपटहून माजिवडा आणि तिथून खाडीवरच्या नव्या पुलाने डोंबिवली, असा त्यांचा रोजचा रस्ता. पन्नाशीच्या, काळ्यासावळ्या, केस बॉबकट. त्यांच्या डाव्या पायाला सळ्या आणि पट्ट्यांचा सापळा बांधलेला होता आणि आमच्या दोन मजल्यांच्या जिन्यावर त्याचा टक टक आवाज येत होता. आई दारातच त्या पायाकडे बघत राहिल्या. बाईंना याची सवय असावी.

"लहानपणचा पोलिओ," त्यांनी चप्पल काढायच्या आधीच सांगून टाकलं. "मी एकाच पायाची. सगळ्यांत स्वस्तात सुटलेली. माझा पाय ढिला आहे, तुमच्या मिस्टरांचा काही दिवसांनी ताठ होईल. माझी वायर पाठीच्या कण्यात तुटलेली, त्यांची वर मेंदूत. दोघांचा पाय चालत नाही म्हणून दोघांना एक समजू नका. कुठे आहेत?"

अप्पा कॉटवर उशीला टेकून बसले होते. ते अंबरनाथच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. चौतीस वर्षं मशीनच्या भागांची ड्रॉइंग काढली. टापटीप आणि तोऱ्याचा माणूस. बाईंनी विचारलं, "कसं वाटतंय?"

"उत्तम. हे लोक उगाच मला झोपवून ठेवतात."

"डावा हात उचला बघू."

"उचलला."

हात चादरीवर पडलेला होता. जराही हलला नव्हता. बाईंनी तो हात उचलून अप्पांच्या डोळ्यांसमोर धरला. "हा कुणाचा?"

अप्पांनी चष्म्यातून नीट पाहिलं. "तुमचा असेल."

"माझे दोन्ही माझ्याकडे आहेत."

"मग हिचा असेल," असं म्हणून त्यांनी आईंकडे मान केली, आणि आई पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात पळाल्या.

बाई त्यांच्यामागून टक टक करत गेल्या. ओट्याला टेकून त्यांनी आम्हा दोघींना जे सांगितलं ते मला अजून जसंच्या तसं आठवतं. मेंदूची डावी बाजू बिघडली की शरीराची उजवी बाजू जाते, आणि बहुतेकांची वाचा तिथेच असते म्हणून तीही अडखळते. मेंदूची उजवी बाजू बिघडली की शरीराची डावी बाजू जाते. वाचा शाबूत राहते, पण कधीकधी माणूस आपली डावी बाजूच विसरतो. हात दिसला तरी तो आपला वाटत नाही. डावीकडचं जगच त्याच्यासाठी बंद होतं.

"म्हणून उजवे रडतात आणि डावे फेकतात," बाई म्हणाल्या. "रडणाऱ्याला उठवणं सोपं. त्याला माहीत असतं काय गेलंय. हे म्हणणार मला काही झालंच नाही. मग व्यायाम कशाला करतील? त्यांना वेड लागलेलं नाही, ते खोटंही बोलत नाहीयेत. तुम्ही फक्त भांडू नका."

"हात येईल ना?" आईंनी विचारलं.

"पाय येईल. हाताचं मी आज काही सांगणार नाही."

आईंना हेही आवडलं नाही. धीर देण्याची पद्धत बाईंकडे नव्हतीच. त्यांच्याकडे फक्त माहिती होती.

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी आमचं घर फिरवायला घेतलं. कॉट खोलीच्या ह्या बाजूची त्या बाजूला गेली. टीव्ही अप्पांच्या डाव्या हाताला. चहा डावीकडच्या स्टुलावर. बोलायचं ते डावीकडे बसून. अप्पांना डावीकडे बघावं लागलं पाहिजे, हा उद्देश. झालं असं की अप्पांचा चहा रोज गार व्हायचा आणि टीव्ही बघून बघून आईंची मान धरली. अप्पा ताटातली उजवीकडची भाजी संपवून म्हणायचे, "आज आमटी केली नाहीस का?" मी ताट फिरवायचे, की लगेच, "ही कुठून आली?"

एकदा बाईंनी त्यांना कागद-पेन्सिल दिली. "ड्राफ्ट्समन ना तुम्ही? एक घर काढा."

अप्पा खुलले. उजवा हात तर पूर्वीसारखाच सफाईदार होता. पट्टीशिवाय सरळ रेघ, छपराचा उतार, खिडकी, खिडकीला गज. पण छप्पर मधोमध येऊन थांबलं. डावीकडे काहीच नव्हतं. अप्पांनी खाली सही केली आणि कागद बाईंना दिला.

"पूर्ण झालं?"

"अर्थात."

बाईंनी बराच वेळ ते ड्रॉइंग बघितलं. "सुंदर आहे. पण अप्पा, डावीकडच्या भाडेकरूंनी झोपायचं कुठे?"

अप्पांनी कागद परत घेतला, पाहिला आणि गोंधळून माझ्याकडे बघितलं. काहीतरी चुकलंय हे त्यांना कळत होतं, काय ते कळत नव्हतं. चौतीस वर्षांत त्यांचं ड्रॉइंग कुणी परत पाठवलं नव्हतं. बाईंनी कागदाची घडी करून पर्समध्ये टाकली आणि शांतपणे त्यांच्या डाव्या पायाचा व्यायाम सुरू केला. 

आमच्या शेजारच्या काकांना मात्र बाईंनी शांतपणे घेतलं नाही. काका रोज संध्याकाळी येऊन अप्पांच्या उशाशी बसायचे आणि स्वतःचा अनुभव सांगायचे. "मलापण पॅरालिसिस झालेला. तोंड असं वाकडं झालेलं. दीड महिन्यात ओके! विल पॉवर पाहिजे." काका गेले की आई अप्पांकडे अशा नजरेने बघायच्या, जणू अप्पाच मुद्दाम आळस करतायत. एक दिवस काका आले ते हातात भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका घेऊन. त्यात कबुतर होतं. कबुतराचं रक्त चोळलं की लकवा जातो, असं त्यांना कल्याणच्या कुणीतरी सांगितलेलं. नेमक्या बाई तेव्हा घरात होत्या.

"कबुतराला काय झालंय?" बाईंनी विचारलं.

"त्याला काही नाही. ते ह्यांच्यासाठी."

बाईंनी खोका उचलला, गॅलरीत नेला आणि उघडला. कबुतर उडून समोरच्या एसीवर जाऊन बसलं. मग त्या परत आल्या. "काका, तुमचं तोंड वाकडं झालेलं तेव्हा त्या बाजूच्या कपाळाला आठी पडत होती?"

काकांनी आठवून पाहिलं. "नाही. डोळापण मिटत नव्हता."

"बघा. तुमची चेहऱ्याची एक नस सुजलेली. अर्धा चेहरा कपाळासकट झोपला, आणि सूज उतरल्यावर उठला. मेंदूला पत्तापण नव्हता. आता ह्यांच्याकडे बघा. अप्पा, भुवया वर करा. बघा, दोन्हीकडे आठ्या! कपाळ चांगलं आणि तोंडाचा खालचा कोपराच उतरलेला, म्हणजे बिघाड वर, मेंदूत. तुमच्या घराचा एक दिवा गेलेला, काका. ह्यांच्या अर्ध्या बिल्डिंगची लाइट गेलीय. दीड महिना, दीड महिना काय लावलंय रोज?"

काका रागाने उठून गेले. आठवडाभर फिरकले नाहीत. कबुतर मात्र राहिलं.

मग एका दुपारी अप्पा पडले. बेल वाजली, आई बाथरूममध्ये होत्या, मी ऑफिसच्या कॉलवर. अप्पा दार उघडायला उठले. त्यांना काही झालेलं नव्हतंच ना, मग उठायला काय हरकत होती? धप्प असा आवाज आला. मी धावले तेव्हा ते डाव्या कुशीवर पडले होते, भुवईतून रक्त येत होतं आणि ते मला समजावत होते, "अगं, ही फरशी ओली ठेवू नका."

फरशी कोरडी होती.

चार टाके पडले. त्या रात्री आई जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी बाई आल्यावर आई त्यांना म्हणाल्या, "ह्यांना काय झालंय ते ह्यांना कधी कळणार? मी मेल्यावर?"

बाईंनी अप्पांच्या भुवईवरचे टाके तपासले. जाताना मला म्हणाल्या, "रविवारी दुपारी ह्यांना घेऊन खाली यायचंय. तुमच्या सोसायटीचं ऑफिस मी मागून घेतलंय."

"कशासाठी?"

"माझी माणसं जमवतेय. आपल्यालाच एवढं काहीतरी झालंय असं सगळ्यांना वाटतं. ह्यांना तर तेवढंही वाटत नाही. जरा बघू देत एकमेकांना."

सेक्रेटरी आणि माझा नवरा, दोघांनी मिळून अप्पांना खुर्चीसकट उचलून खाली नेलं. ऑफिसात पाचसहा जण होते. त्यातले दोन मला पक्के आठवतात. एक कोपरच्या निवृत्त शिक्षिका, उजवी बाजू गेलेल्या. त्यांना स्वतःच्या मुलाचं नाव उच्चारता येत नव्हतं. नुसतं "ते... ते..." व्हायचं आणि डोळ्यांत पाणी यायचं. बाई त्यांच्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "बे एके बे..." आणि त्या शिक्षिका खणखणीत आवाजात "बे दुणे चार, बे त्रिक सहा" करत थेट वीसपर्यंत गेल्या! पाठ झालेलं मेंदूत दुसरीकडे असतं, बाई म्हणाल्या. अख्खं ऑफिस टाळ्या वाजवत होतं आणि शिक्षिका एकाच वेळी रडत आणि हसत होत्या.

दुसरा माजिवड्याचा कमरेखालचा. अठ्ठावीस वर्षांचा, घरची जुनी शेती टॉवरखाली गेलेली, चुलत्याच्या बांधकामावर परांचीवरून पडला आणि कणा मोडला. दोन्ही पाय गेले, स्पर्शही कळत नव्हता. पण दंड पैलवानासारखे, आणि व्हीलचेअर अशी फिरवायचा की सेक्रेटरींनी टेबल आवरून घेतलं. त्याने आपली खुर्ची नेमकी अप्पांच्या डावीकडे आणून लावली. बाईंनी शिकवलं असणार.

"काय काका, तुमचं काय गेलंय?"

अप्पांनी मान वळवून आवाज शोधला. "माझं? काही नाही. तुला काय झालं रे?"

"दोन्ही पाय बाद. परत येणार नाहीत. बाईंनी पहिल्याच महिन्यात सांगितलेलं. मी त्यांना शिव्या घातलेल्या."

"अरेरे," अप्पा मनापासून म्हणाले. "पण हात चांगले आहेत तुझे."

"हात झकास! तुमचा पण एक पाय झकास आहे. काय बोलता, अदलाबदली करायची का? मी तुम्हाला एक हात देतो, तुम्ही मला एक पाय द्या."

अप्पा हसले. "चालेल. कुठला हात देतोस?"

"डावा देतो. तुमचा डावा गेलाय ना!"

असं म्हणून त्या मुलाने अप्पांचा मांडीवरचा डावा हात उचलला आणि आपल्या डाव्या हाताशेजारी धरला. एक तट्ट, एक लोंबता. अप्पा हसता हसता बघत राहिले. मग हसणं थांबलं. त्यांनी उजव्या हाताने त्या लोंबत्या हाताचं मनगट चाचपलं, मग कोपर, मग दंड, आणि चाचपत चाचपत बोटं स्वतःच्या खांद्यापर्यंत आली.

"हा माझा आहे," ते म्हणाले.

आणि रडायला लागले. मी ह्या माणसाला कधी रडताना पाहिलं नव्हतं. झटका आल्यावर नाही, टाके घालताना नाही. ते लहान मुलासारखे हुंदके देत होते आणि तो हात छातीशी धरून विचारत होते, "अगं, ह्याला काय झालं? कधी झालं?"

माजिवड्याचा मुलगा घाबरला. "सॉरी काका, मी आपली मस्करी केलेली..." आणि बाई? बाई उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. "रडले! माझे डावे रडले! सेक्रेटरीसाहेब, वडापाव मागवा सगळ्यांना!"

आईंचा स्फोट झाला. "माणूस रडतोय आणि तुम्हाला वडापाव सुचतोय? तुम्हाला काळीज आहे का नाही? उद्यापासून आमच्याकडे येऊ नका!"

 बाईंचा चेहरा उतरला. अपमानाने असेल किंवा आपण काय करून बसलो हे उशिरा कळल्याने असेल. शिक्षिकेला घेऊन त्या बाहेर पडल्या. वडापाव नंतर आले. ते सेक्रेटरींनी वाटले.

दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी खाली स्कूटर थांबली. जिन्यावर टक टक ऐकू आली. दार आईंनीच उघडलं. 

"मी येऊ नका म्हटलं होतं."

"ऐकलेलं मी. पण आज जास्त गरज आहे. आजपासून त्यांना माहीत आहे." मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "काल मी आधी तुमच्याकडे बघायला पाहिजे होतं. चुकलं माझं."

आई बाजूला झाल्या. आत अप्पा भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्यांनी कुणाशीही बोलणं बंद केलेलं. बाई कॉटच्या डावीकडे बसल्या, तो हात आपल्या हातात घेतला आणि त्याचं एकेक बोट हळूहळू उघडत राहिल्या.  शेवटी अप्पांनीच विचारलं, "हा येईल का?"

"थोडा येईल. पेन धरण्याइतका नाही. कागद दाबून धरेल."

अप्पांनी विचार केला. "ड्रॉइंगला तेवढा पुरतो," ते म्हणाले.

त्या दिवसापासून ते असे व्यायाम करायला लागले की आई दमून जायच्या. साडेतीन महिन्यांत अप्पा चार पायांच्या काठीवर घरभर फिरू लागले. बाईंनी सांगितला होता तेवढाच हात आला, तसूभरही जास्त नाही. आई बाईंशी शेवटपर्यंत मोजकंच बोलल्या, पण त्यांच्यासाठी आल्याचा चहा मात्र स्वतः करायच्या, मला हात लावू द्यायच्या नाहीत.

मग एक दिवस बाई म्हणाल्या, "माझं काम झालं. उद्यापासून मी येणार नाही." नुसतं एवढंच. अप्पांना हे लागलं. "अधूनमधून या की, सहज."

"सहज जायला मला कुठे वेळ आहे? दिवा स्टेशनला दोन नवीन उजवे आलेत."

आणि त्या खरंच आल्या नाहीत. अप्पांनी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा त्यांनी पाय कसा आहे ते विचारलं आणि ठेवून दिला. अप्पा चिडले, रुसले, शेवटी एके दिवशी माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "रिक्षा बोलाव. खोपटला जायचंय."

बाईंचं घर एस.टी. डेपोच्या मागे एका जुन्या चाळीत होतं, तळमजल्यावर. आम्ही दारात पोचलो तेव्हा त्या फोनवर कुणालातरी जय भीम करून बोलणं आवरत होत्या. अप्पांना दारात उभं बघून त्यांना आनंद झाला असेल, तर तो त्यांनी दाखवला नाही. आधी त्यांच्या पायांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"उचलून आणलं?"

"मी आलो," अप्पा म्हणाले. "दोन जिने उतरून."

"उतरताना पहिला पाय कुठला टाकला?"

मला वाटलं, निदान आत बोलावतील, बसा म्हणतील. पण त्या कमरेवर हात ठेवून उंबऱ्यातच उभ्या होत्या. अप्पांच्या कपाळावर घाम होता. त्यांनी काठी नीट टेकवली, पाठ सरळ केली आणि तोंडी परीक्षेला उभं राहिल्यासारखं, बाईंनीच शिकवलेलं उत्तर दिलं.

"चढताना चांगला, उतरताना वाईट. डावा टाकला."

"मग बाहेर काय उभे?" बाई म्हणाल्या आणि त्यांनी दारातून अंग बाजूला घेतलं.